कळा ठरवून आणता, तर वेदनाशमनही ठरवून द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
प्रत माहितीसाठी: आयुक्त, आरोग्य सेवा, सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: सरकारी रुग्णालयांत औषध देऊन कळा आणताना गर्भवतीला माहिती देणे, तिची संमती घेणे आणि वेदनाशमनाची सोय करणे, याबाबतचे मागणीपत्र.

महोदय,

आमच्या संघटनेत अलीकडे बाळंत झालेल्या स्त्रिया आहेत, आशा आहेत आणि लेबर रूममध्ये वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केलेल्या सिस्टरही आहेत. त्यामुळे या पत्रात डॉक्टर-सिस्टरांविरुद्ध गाऱ्हाणे शोधू नये. गाऱ्हाणे आहे ते व्यवस्थेबद्दल.

आपोआप येणाऱ्या कळांना वेळकाळ नसते. बाई रात्री दोनला रिक्षातून उतरते आणि तासाभरात मोकळी होते. अशा वेळी “आता भूलतज्ज्ञ कुठून आणू?” हे उत्तर समजू शकते. कळा आणायच्या ठरल्या की मात्र सगळे चित्र बदलते. निर्णय आधी होतो, बाई स्वतःच्या पायांनी वॉर्डात येते, गोळी दिल्यावर किंवा जेल ठेवल्यावर बहुधा कित्येक तास विशेष काही घडत नाही. तिच्याशी बोलायला, रक्त तपासायला, भूलतज्ज्ञांना कळवायला हे तास पुरेसे असतात. आज ते नुसते वाट बघण्यात जातात. आमच्या सगळ्या मागण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

कळा आणण्याला आमचा विरोध नाही. रक्तदाब वाढलेला असेल, पाणी जाऊनही कळा येत नसतील, तारीख उलटून आठवडा झाला असेल, तर थांबणे आई-बाळाला महागात पडू शकते. या बाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवलेलेही आहे. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गर्भवतींचा अभ्यास झाला आणि 2017 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दर दोन तासांनी तोंडावाटे मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी घेतलेल्यांपैकी 57 टक्के स्त्रिया 24 तासांच्या आत खालून बाळंत झाल्या. फुग्याची नळी बसवलेल्यांमध्ये हे प्रमाण 47 टक्के होते. हा अभ्यास आपल्याच वॉर्डांतला. तरी त्याच राज्यातल्या बाईला विचारा, तुला काय दिले होते? ती सांगते, “कळांचं काहीतरी ठेवलं होतं.”

म्हणून पहिली मागणी माहितीची, आणि ती वेळेवर मिळण्याची. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. नववा महिना लागला की त्या दिवशी प्रत्येकीशी यावर बोलणे व्हावे आणि एक छापील पान तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाला जोडावे. पान मराठीत असावे. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत, नंदुरबारात भिलीत समजावून सांगणारे माणूस असावे. कळा का आणायच्या, गोळी, जेल, फुगा, पाणमोट फोडणे, सलाईनमधले ऑक्सिटोसिन यांपैकी काय वापरणार, नाही म्हटले किंवा थोडे थांबले तर काय होईल, हे त्यात साध्या शब्दांत यावे. आणखी एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी: पहिलटकरणीच्या पिशवीचे तोंड मऊ झालेले नसेल, तर दाखल झाल्यापासून बाळ हाती येईपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवस लागू शकतात. हे कोणी सांगत नाही. मग दुसऱ्या सकाळी घरचे घाबरतात, दारात उभे राहून “सीझर करून टाका” म्हणतात, आणि दमलेली बाईही मान हलवते.

तारखेचाही प्रश्न आहे. 41 आठवडे भरले म्हणून कळा आणायच्या, तर ते 41 आहेत हे आधी नक्की हवे. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना अंदाजानेच आठवते. सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी प्रत्येकीला मिळाली, तरच या हिशेबाला अर्थ आहे.

दुसरी मागणी संमतीची. आज नवरा किंवा सासू कोऱ्या जागेवर सही करते आणि कागद फायलीला लागतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले, की सज्ञान, निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही. तिथे तर सही सख्ख्या आईची होती. पर्याय आणि धोके सांगून घेतलेली संमती तीच खरी, हेही त्याच निकालात आहे. कळा आणण्यापूर्वीची सही बाईचीच असावी, आणि वेदनाशमनाबद्दल तिचे म्हणणेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. कळ ऐन भरात असताना पुढे केलेल्या कागदावरची सही आम्ही संमती मानत नाही.

आता मुख्य मागणी, वेदनाशमनाची.

“बाईच्या जातीला एवढं सोसायलाच हवं,” हे वाक्य लेबर रूममध्ये अजून ऐकू येते. पित्ताशयाच्या खड्याने तळमळणाऱ्या पुरुषाला ते कोणी ऐकवत नाही. त्यातून ऑक्सिटोसिनच्या कळा हळूहळू चढतीलच असे नाही. थेंब वाढवले की त्या एकीमागून एक येतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत उरत नाही. निरोगी गर्भवतीने मागितले तर एपिड्युरल द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये केली. शहरातल्या खाजगी रुग्णालयात ते पैसे मोजून मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी बाळंतपणाची औषधे आणि साहित्य मोफत आहे. वेदना थांबवणारे औषध त्या यादीत मोडते, असा स्पष्ट शासन निर्णय काढावा.

एपिड्युरलबद्दल दोन्ही बाजूंनी खरे सांगावे. कमरेत बारीक नळी घालून औषध सोडतात. वेदना पुष्कळ उतरते. रक्तदाब खाली येऊ शकतो, म्हणून वारंवार मोजावा लागतो. अंगात ताप येऊ शकतो. जोर लावण्याचा काळ लांबतो. शंभरात साधारण एकीला नंतर जोराची डोकेदुखी होते, तिच्यावर उपाय आहे. सीझर त्यामुळे वाढत नाही. “सुई घेतली की जन्मभर कंबर धरते” या समजाला आधार सापडलेला नाही. बाळंतपणानंतर सुई न घेतलेल्यांचीही कंबर दुखते. प्लेटलेट फार कमी असतील तर मात्र ही सुई देता येत नाही. रक्तदाबामुळेच कळा आणायची वेळ अनेकींवर येते, आणि त्यांच्यातच प्लेटलेट उतरण्याची शक्यता जास्त. म्हणून ही तपासणी दाखल होतानाच व्हावी. तिने मागणी केल्यावर रक्त पाठवायचे, म्हणजे तोवर बाळ बाहेर.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ उद्या मिळणार नाही, हे आम्हाला कळते. म्हणून जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत एपिड्युरलची सोय आधी करावी, आणि कळा आणायला घेतलेल्या स्त्रियांची यादी रोज सकाळी भूलतज्ज्ञांकडे जावी. इतर ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे असलेला वायू आणावा. त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित सिस्टर पुरते. मास्क बाईने स्वतःच्या हातात धरायचा. गुंगी आली की हात आपोआप खाली येतो, हीच त्यातली सुरक्षा. कळ थांबत नाही पण सोसवते, आणि मास्क काढल्यावर काही मिनिटांत अंमल उतरतो. पेथिडीनचे वेदनाशामक इंजेक्शन द्यायचे तर बाईला मळमळ आणि गुंगी येईल, बाळाचा श्वास मंदावू शकतो, हे आधी सांगावे आणि त्यावरचा उतारा, नॅलॉक्सोन, हाताशी ठेवावा.

पिशवीचे तोंड लवकर उघडावे म्हणून ड्रोटाव्हेरीनसारखी इंजेक्शने सर्रास देतात. जागतिक आरोग्य संघटना ती त्यासाठी सुचवत नाही. ती देऊन ‘वेदनेचे इंजेक्शन दिले’ अशी नोंद करणे बंद करावे.

जिला काहीही नको असेल तिला आग्रह नको. तिला चालू द्यावे, कमरेला गरम पाण्याची पिशवी द्यावी, पाठ चोळायला कोणी असावे. सोबतीला जवळची बाई ठेवायला केंद्राने 2016 सालीच परवानगी दिली आहे. तरी आमच्या सभासदांच्या आया दाराबाहेरच्या बाकावरच बसलेल्या असतात.

सुरक्षेचे थोडक्यात. मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या गोळीचे ब्लेडने आठ तुकडे करणे बंद व्हावे. 25 ची गोळी प्रत्येक लेबर रूमला पुरवावी. आधी सीझर झालेलीला मिसोप्रोस्टॉल देऊ नये. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्येच राहावे. औषध चालू असलेल्या बाईला एकटे सोडू नये, आणि त्यासाठी सिस्टरांची रिक्त पदे भरावीत. एक सिस्टर पाच खाटांवर एकाच वेळी हात ठेवू शकत नाही. बाळ उतरावे म्हणून पोटावर जोर देऊन दाबणे लेखी आदेशाने थांबवावे.

या मागण्यांवर महिन्याभरात बैठक बोलवावी ही विनंती. बैठकीला भूलतज्ज्ञ असावेत, लेबर रूमच्या सिस्टर असाव्यात, आणि सरकारी रुग्णालयात कळा आणून बाळंत झालेल्या निदान दोघींना टेबलापाशी खुर्ची मिळावी. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च संघटना करील.

आपल्या विश्वासू,
अध्यक्ष व सचिव, संघटनेच्या वतीने