देवीचा कोप आणि सुनेचा प्रश्न

डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गोवर म्हणजे देवीचा कोप अशीच घरोघरी समजूत होती. पोर तापानं फणफणलेलं, उशाला कडुनिंबाचा डहाळा, आणि औषध मात्र वर्ज्य, कारण देवी आणखी रागावेल. कुष्ठरोग तर गेल्या जन्मीचं पाप. आपल्याला वाटतं, अशा समजुतींवर प्रश्न कॉलेजात गेलेली पोरं विचारतात. जामखेडच्या आसपास ते विचारले आरोळ्यांनी शिकवून तयार केलेल्या गावच्या आरोग्यसेविकांनी. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या, आणि सासूपुढं तोंड उघडायची सोय नसलेल्या. जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडू नका, उलट मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजा, हे त्यांनी शेजारणीच्या उंबऱ्याआत बसून दाखवलं. बाळ तरलं की म्हातारीही ऐकायची. मला हे धाडस फार मोठं वाटतं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालून पुन्हा त्याच चुलीपाशी बसायचं असतं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यात या बायकांचाही वाटा आहे, असं मी मानतो. या बायकांकडं पाहून आजच्या नातवंडांना माझं कळकळीचं सांगणं आहे : आजीचा देव्हारा व्हॉट्सअॅपवर चेष्टेचा विषय करू नका. तिच्याजवळ बसा, तिला कशाची भीती वाटते ते आधी विचारा, आणि अंगारा लावून झाल्यावरही तिला दवाखान्यात घेऊन जाच.