'के' आणि 'एम'मधला फरक

आमच्या धाकट्याचा मेलबॉक्स भरला आणि त्याला मुलाखतीसाठी बोलावणारे पत्र आले तसे परत गेले. नशीब, त्यांनी फोन केला!

पोरगा 'मट' वापरतो. मायकेल एल्किन्स यांनी हा प्रोग्राम 1995 मध्ये लिहायला घेतला. त्यात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे. जुन्या संगणकावरही तो चालतो. दर पत्रापुढे कंसात एक आकडा असतो. गोम अशी, की तो कधी ओळींची संख्या असतो, कधी पत्राचा आकार. आकारच हवा असेल तर सेटिंगच्या फाईलमध्ये 'इंडेक्स फॉरमॅट'च्या ओळीत ओळींच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि लहान 'सी' लिहावा.

पण आमच्या पोराची चूक निराळीच. एका पत्रापुढे 5.0के, दुसऱ्यापुढे 5.0एम. घाईत दोन्ही सारखेच वाटले. पहिले पाच किलोबाइटचे, दुसरे त्याच्या 1024 पट! आम्ही दोघांनी बसून नव्या आवृत्तीतले 'साइज शो एमबी' हे सेटिंग (शब्दांमध्ये अंडरस्कोर) 'नो' केले. आता तेच पत्र 5120के दिसते, लांबलचक आकडा लगेच डोळ्यांत भरतो. 'साइज शो बाइट्स' 'येस' केले, तर 0.3केच्या जागी सरळ तीनशेच्या आसपासचा बाइटचा आकडा येतो. आम्हाला त्याची गरज वाटली नाही.

मग 'ओ' आणि 'झेड' दाबले. पत्रे आकाराप्रमाणे लागली, सर्वांत मोठी तळाशी. लग्नातल्या फोटोंची अकरा पत्रे निघाली. फोटो उतरवून घेतले, पत्रे पुसली.