हळकुंडाचे डोळे

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या परसातली हळद परवा काढली. शेजारची पोर म्हणाली, ''काका, केवढं जाड मूळ!'' अगं, ते खोड आहे, जमिनीत आडवं वाढलेलं. हळकुंडावरची माती अंगठ्याने पुसून तिला पेरं दाखवली, पेरावरचा टोकदार डोळा दाखवला. मुळाला पेरं नसतात आणि डोळेही नसतात. पाणी ओढणारी खरी मुळं म्हणजे खाली लोंबणारे ते पांढरट धागे. वर जो दांडा दिसतो, तो पानांच्या एकात एक गुंडाळलेल्या तळांचा. पानं उन्हात अन्न तयार करतात, ते खाली हळकुंडात साठतं. म्हणूनच पाला वाळेपर्यंत शेतकरी काढणीला हात घालत नाही. फूल देखणं येतं, पण बी सहसा धरत नाही. वंश चालतो तो या डोळ्यांवर. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं साठवली गेलेली आपली सांगलीची हळद मुळात झाडाचीच साठवण आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. शाळेत भूमिगत खोड म्हणून बटाट्याचं चित्र दाखवतात. सांगलीतल्या मुलांच्या हातात ओलं हळकुंडच द्यायला हवं. पोरीने एक गड्डा मागून नेलाय, अक्षय्य तृतीयेला लावायला.