संपुट आणि कव्हर

गाणगापूरच्या निर्गुण मठातील पादुका संपुटात असतात, हे दत्तभक्तांस निराळे सांगावयास नको. ही संपुटे पादुकांच्याच आकाराची घडविलेली आहेत. पूजेच्या वेळी झाकण काढून आतच केशर-अत्तराचे लेपन होते. पादुकांना पाणी लावीत नाहीत. वस्तू कोणती, तिला काय चालते, काय चालत नाही आणि ती हाताळावयाची कशी, ह्यांचा विचार आधी झाला आणि आवरण मागाहून घडले.

पादुकांशी खिशातल्या मोबाइलची बरोबरी करण्याचा हेतू नाही. त्यामागचा विवेक तेवढा उचलावा, इतकेच म्हणणे आहे. आज यात्रेकरूचे परतीचे तिकीट, पैसे, घरच्यांचे क्रमांक आणि पुष्कळदा पारायणाची पोथीदेखील मोबाइलमध्येच असते. गाणगापूर रोड स्थानक क्षेत्रापासून सुमारे २० किलोमीटर दूर. संगमावर मोबाइल निकामी झाला, तर म्हाताऱ्या आईला घेऊन आलेल्या माणसाने करावे काय? आणि तरीही कव्हर घेताना आपण पाहतो काय, तर रंग आणि चित्र!

ह्या वाटेवरची संकटे मोजकी आहेत. पहिले घाटाच्या दगडाचे. काच बहुधा कोपऱ्यावर आपटून तडकते. म्हणून कव्हर लवचीक, कोपऱ्यांशी जाड आणि कडा काचेहून किंचित उंच असलेले घ्यावे. ‘मिलिटरी ग्रेड’ ह्या शब्दांनी भुलू नये. अमेरिकन लष्कराचे हे मानक १९६२ साली प्रथम निघाले. त्यातील नेहमीच्या चाचणीत वस्तू सुमारे चार फुटांवरून २६ वेळा पाडतात, पण ती प्लायवुडवर! शिवाय कव्हरांना असे प्रमाणपत्र लष्कर देत नाही. चाचणी बनविणाराच करतो वा करवून घेतो.

दुसरे संकट पाण्याचे. साधे कव्हर पाणी अडवीत नाही. मोबाइलवरील ‘आयपी ६८’ ही ग्वाही प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यापुरती असते, आणि आतील रबरी सांधे कालांतराने सैल पडतात. भीमा-अमरजेच्या गढूळ प्रवाहाला तिची ओळख नाही. त्यासाठी तोंड घट्ट मिटणारी, गळ्यात अडकविण्याची प्लास्टिकची पिशवी निराळी घ्यावी, आणि आत कोरडा कागद घालून घरच्या बादलीत ती आधी बुडवून पाहावी.

तिसरे उन्हाचे. कलबुर्गीकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. ॲपलसारखी कंपनी तर आपले फोन ३५ अंशांपर्यंतच वापरावेत असे सांगते. जाड कव्हर उष्णता कोंडते. तेव्हा मोबाइल चार्ज करताना तापू लागला, तर ते काढून ठेवावे.

राहिले पाकिटवजा कव्हर. नोटा, बँकेचे कार्ड आणि मोबाइल एकत्र ठेवण्यात सोय आहे खरी. पण गर्दीत हात मारणाऱ्याची सोय त्याहून अधिक! यात्रेला निघताना तरी ते घरी ठेवावे.

चार पैशांच्या वस्तूसाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. ज्याला मोबाइल फुटला की दुसरा आणता येतो, त्याने खुशाल रंग पाहून कव्हर घ्यावे. हप्त्याने मोबाइल घेणाऱ्याने मात्र दुकानदारास आधी कोपरे दाखवावयास सांगावे. रंगाचे मग पाहता येईल.