पाट तुंबला की फुटला?



आपल्या या अंकात लागण, खोडवा, उतारा, हप्ता यांवरच बहुधा लिहिलेले असते. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. संपादकांनी जागा दिली, त्यांचे आभार.

गेल्या हंगामात माझे थोरले बंधू (आम्ही त्यांना आबा म्हणतो) काट्यावर नंबरला ट्रॅक्टर लावून बसले होते. सकाळचे सात वाजले असतील. हातातला चहाचा कप पडला. तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे, डावा हात उचलेना. जमलेली मंडळी म्हणाली, "वारं गेलंय अंगावरनं. तेल लावणाऱ्याकडं न्या." आम्ही नेले. तिथे तीन तास गेले. मग तालुक्याला. तिथे सांगितले, "इथं सीटी स्कॅन नाही, पुढं न्या." जिल्ह्याच्या ठिकाणी फोटो निघेपर्यंत दुपारचे चार वाजले. डॉक्टरांनी विचारले, "किती वाजता झालं?" सातला म्हटल्यावर ते एवढेच बोलले, "मग आत्तापर्यंत होता कुठं?"

त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आबा वाचले, पण डाव्या हातात आता खुरपेही धरवत नाही. दोष मी कुणाला देत नाही. चूक आमचीच. ती दुसऱ्या घरी होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण ज्याला वारं किंवा लकवा म्हणतो, तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. तो दोन तऱ्हांनी होतो. शेताला पाणी आले नाही, तर एक तर पाट कुठे तुंबला असतो, नाही तर फुटला असतो. मेंदूचेही तसेच. रक्ताची गुठळी अडकून वाहिनी तुंबते, किंवा वाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरते. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. तेच तोंड वाकडे, तोच हात लुळा. पण उपचार अगदी उलटे. तुंबला असेल तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देतात. फुटला असताना तेच इंजेक्शन दिले, तर माणूस हातचा जातो. नुसती नाडी बघून किंवा डोळ्यांनी पाहून हा फरक खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, मोठ्या डॉक्टरालाही नाही. तो फोटोच सांगतो.

पारावर बसल्यावर ऐकू येते, "डॉक्टरकडं गेलं की पहिलं मशीनकडं धाडत्यात, त्यांचं बिल होतंय." इतर वेळी या बोलण्यात तथ्य असेलही. पण लकव्यात फोटो ही उपचाराची पहिली पायरी आहे. साध्या सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. तुंबलेल्या रोग्याचा साधा फोटो मात्र सुरुवातीच्या तासांत चांगलाही येऊ शकतो. "फोटो नॉर्मल आला, चला घरी," असे करू नका. वाहिनी नेमकी कुठे तुंबली, हे पाहायला सीटी अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात आणि छातीपासून डोक्यापर्यंतच्या वाहिन्यांचा फोटो काही क्षणांत निघतो. पाटकऱ्याने सगळा पाट चालून बघावा, तसेच ते. मूत्रपिंडाचा आजार किंवा औषधाची ॲलर्जी असेल, तर आधी सांगावे. एमआरआयवर असे औषध न सोडताही वाहिन्या दिसू शकतात.

ही विद्या काही कालची नव्हे. पोर्तुगालमध्ये लिस्बनला एगास मोनिझ या डॉक्टरांनी १९२७ साली मानेच्या वाहिनीत औषध सोडून मेंदूच्या वाहिन्यांचा एक्स-रे काढला. इंग्लंडमधले इंजिनियर हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर १९७१ साली पहिल्या रोग्याच्या मेंदूचा फोटो निघाला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपयोगी ठरते, हे १९९५ साली सिद्ध झाले. ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी तुंबली असेल, तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढतात. फोटोत मेंदूचा भाग अजून जिवंत दिसला, तर निवडक रोग्यांत हे २४ तासांपर्यंतही करता येते. आबांच्या फोटोत तो भाग आधीच गेलेला होता.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घसरतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मोठी वाहिनी तुंबली, तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. आम्ही तेल लावण्यात तीन तास घालवले. हिशेब तुम्हीच करा.

आता दोन गोष्टी उलट बाजूच्या. घरात ॲस्पिरिन आहे म्हणून फोटोआधी देऊ नका. पाट फुटला असेल, तर ती घात करील. तोंडात पाणी, चहा काही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि धडधाकट माणसाने उगाच हजारो रुपये घालून मेंदूचे फोटो काढत बसू नये. त्यापेक्षा रक्तदाब मोजावा, तंबाखू सोडावी. मात्र हात लुळा पडून दहा मिनिटांत आपोआप बरा झाला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मानेतली वाहिनी अरुंद झाली आहे का, हे फोटोत किंवा सोनोग्राफीत कळते. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

मा. संचालक मंडळाला माझी नम्र सूचना आहे. कारखान्याने स्कॅनचे यंत्र घ्यावे, असे मी म्हणत नाही. यंत्र घेणे सोपे, रात्री दोन वाजता ते चालवणारा माणूस ठेवणे अवघड. पण जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्रीही सीटी अँजिओग्राफी होते आणि हे इंजेक्शन मिळते, त्यांची यादी, अंतर आणि फोन नंबर काढावेत. ती यादी काट्यावर, गट ऑफिसात आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळ लावावी. शेजारी १०८ क्रमांकही लिहावा. ही रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. कारखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवावे, की लकव्याचा रोगी थेट तिथेच न्यायचा आणि निघतानाच फोन करायचा. याला खर्च कागदाचा आणि खळीचा.

आबा परवा म्हणाले, "लिही बाबा, दुसऱ्याचा तरी हात वाचंल." म्हणून लिहिले. कळावे, लोभ असावा.

— एक ऊस उत्पादक सभासद