जुन्या छायाचित्रांतील मालमोटार

घरोघरीं जुनीं छायाचित्रें असतात. परंतु त्यांमागें सन क्वचितच लिहिलेला असतो. अशा वेळीं चित्रांतील मालमोटार साक्षीस येते. अमेरिकेंतील फोर्डची एक टनी ‘टीटी’ १९१७ सालीं निघाली. तिची वारस ‘एए’ १९२७ च्या अखेरीस आली. म्हणून ‘एए’शेजारीं उभे असलेले आजोबा १९२५ सालचे असूं शकत नाहींत, मग घरची आख्यायिका कांहींही सांगो. तथापि गाडी पुष्कळ वर्षें चालते. सबब ती ‘याच्या आधीं नव्हे’ एवढेंच सांगते. आणि जवळचीं माणसें कोण, हें ती मुळींच सांगत नाहीं. तें आजीच सांगेल. विद्यार्थिमित्रहो, यंत्राचा शोध उद्यांही लागेल. आजीजवळ मात्र आजच बसा, आणि नांवें छायाचित्रामागें पेन्सिलीनें लिहून ठेवा.