दूरचें कौतुक, घरचा संहार

सुशिक्षित समाजाच्या दयाबुद्धीलाहि एक भूगोल असतो. जी वस्तु हजार कोसांवर आहे तिच्याविषयीं त्याच्या मनांत कमालीची कोमल भावना असते. तीच वस्तु गांवच्या वेशीवर आली कीं एक तर ती दिसत नाहीं, किंवा दिसलीच तर कढईंत कशी लागेल एवढाच विचार मनांत येतो. या विधानाला प्रमाण म्हणून आज आम्ही माशांचा विषय घेत आहों. ज्यांच्या घरीं मासे शिजत नाहींत अशा वाचकांनींहि तो परका मानूं नये. कारण प्रश्न जिभेचा नसून नदीचा आहे.

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या मध्यमवर्गांत समुद्रतळ पाहण्याची हौस वाढीस लागली आहे. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून पाण्याखालीं विहार करण्याची ही विद्या, जिला स्कूबा म्हणतात, ती तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावरहि शिकावयास मिळते, आणि नाशिकसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरांतील कुटुंबेंहि सुटींत तिकडे जाऊं लागलीं आहेत. ज्यांची ऐपत अधिक ते अंदमान गांठतात. ज्यांची हौस त्याहूनहि पुढें गेली ते पॅसिफिक महासागरांतील पलाऊ बेटांपर्यंत जातात. आठ-आठ दिवस जहाजावरच जेवण, जहाजावरच निद्रा, आणि पहाट होतांच पाण्यांत उडी. हें सर्व कशासाठीं? तर मासे अंडीं घालतात तो सोहळा पाहण्यासाठीं.

सोहळा पाहण्याजोगा आहे यांत शंका नाहीं. पौर्णिमेच्या सुमारास तांबोशाच्या जातीचे हजारों मासे प्रवाळखडकाच्या कडेला जमतात. त्यांचे थवेच्या थवे एकाएकीं वर उसळतात, माद्या अंडीं सोडतात, नर आपलें बीज सोडतात, आणि क्षणभर निळें पाणी दुधाळ होऊन जातें. अमावास्येच्या सुमारास डोक्यावर टेंगूळ असलेल्या अजस्र पोपटमाशांची पाळी येते. हें पाहून आलेला गृहस्थ घरीं परततो तो भारावलेला असतो. निसर्गाची उदारता, जीवनाची अनादि ओढ, मानवानें राखावयाचा संयम, यांवर तो मित्रमंडळींत तासभर बोलतो. आम्ही त्याच्या हौसेची निंदा करीत नाहीं. परंतु त्याला एक प्रश्न विचारावयाचा आहे: हाच सोहळा दरवर्षीं आपल्या जिल्ह्यांत, गुडघाभर पाण्यांत, फुकट होत असतो, हें आपणांस ठाऊक आहे काय?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, इगतपुरी आणि त्र्यंबक या तालुक्यांत, मृगाचा पाऊस कोसळूं लागला आणि ओढ्यांना पहिला लोंढा आला, कीं नदीच्या डोहांत उन्हाळा काढलेले मासे उलट्या दिशेनें निघतात. पाणी खालीं धांवत असतें, मासे वर चढत असतात. लहान धबधबे उड्या मारून ओलांडीत, नदींतून ओढ्यांत, ओढ्यांतून भाताच्या खाचरांत ते शिरतात. घाटमाथ्यावर व उत्तर कोंकणांत याला वलगण म्हणतात. दक्षिणेकडे 'चढणीचे मासे' म्हणून हाच प्रकार प्रसिद्ध आहे. शिंगटी, मळ्या, खवल्या, मरळ, जो तो आपआपल्या रीतीनें या प्रवासाला निघतो. कारण उघड आहे. पहिल्या पुरानें पाणी गार व गढूळ होतें, नुकत्याच बुडालेल्या जमिनींत सूक्ष्म जीवांची रेलचेल होते, आणि उथळ गवताळ पाण्यांत मोठ्या भक्षकांचा वावर कमी असतो. पिलांना याहून चांगलें पाळणाघर नाहीं. पाणी ओसरूं लागलें कीं तीं आपण होऊन नदीकडे परततात.

ही पावसाची किमया किती गहन आहे पहा. रोहू, कटला, मृगल हे मासे तळ्यांत कोंडले तर पोसतात, पण साचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. डॉ. हिरालाल चौधुरी यांनीं १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें, माशाच्या मेंदूखालील पीयूषग्रंथीचा अर्क टोंचून, कार्पवर्गांतील माशांकडून अंडीं घालवून घेण्यांत यश मिळविलें. तो दिवस अद्यापि आपल्या देशांत मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. पहिला पूर जें एका रात्रींत करतो तें करावयास मनुष्याला सुईचा आधार घ्यावा लागला!

आणि अशा या प्रसंगीं आपण काय करतों? ज्या रात्रीं मासे चढूं लागतात त्याच रात्रीं बत्त्या घेऊन माणसें ओढ्यांत उतरतात. पाग पडतात, प्रवाहाच्या तोंडावर बांबूचे सापळे बसतात, काठ्या आणि कोयते चालतात. इतकें पुरेसें नव्हतें म्हणून आतां विजेच्या बॅटऱ्या आणि ब्लीचिंग पावडर यांचीहि त्यांत भर पडली आहे. पोट अंड्यांनीं भरलेली मादी यांत प्रथम सांपडते, कारण तीच जड आणि मंद असते. आणि तिलाच मोल अधिक, कारण गाभोळीची चव! आमचा सुशिक्षित गृहस्थ घाटांतून जातांना मोटार थांबवून ती गाभोळी विकत घेतो, मारणाऱ्यांच्या पराक्रमाच्या चित्रफिती भ्रमणध्वनीवरून इष्टमित्रांना धाडतो, आणि हिंवाळ्यांत दुसरे मासे अंडीं कशीं घालतात हें पाहण्यासाठीं पासपोर्ट बाहेर काढतो. जहाजावर ज्याला तो सोहळा म्हणतो, घरीं त्याला तो 'सीझन' म्हणतो.

आमच्या या म्हणण्यावर कोणते आक्षेप येतील तें आम्ही जाणतों.

पहिला आक्षेप असा कीं, हा आदिवासी बांधवांचा परंपरागत आहार आहे. पोटभर जेवणाऱ्या शहरवासीयांनीं त्यांच्या टोपलींत डोकावूं नये. यांतील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी हे लोक पिढ्यान् पिढ्या वलगणीचे मासे धरीत आले, आणि तरीहि आमच्या आजोबांच्या काळापर्यंत ओढे माशांनीं भरलेले होते. घरापुरती टोपली भरणें निराळें आणि शहराच्या बाजारासाठीं ओढा उपसून काढणें निराळें. बाजार कोणामुळें उभा राहिला? टोपलीवाल्यामुळें नव्हे, मोटारवाल्यामुळें. तेव्हां ज्यानें भाव चढविला त्यानेंच गरिबाच्या हक्काची ढाल पुढें करावी, हा युक्तिवाद प्रामाणिक नाहीं. ओढे रिते झाले तर प्रथम उपाशी कोण राहील याचा विचार या दयाळू आक्षेपकांनीं करावा.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आव आणून येतो. एकेका मादीच्या पोटांत हजारों-लाखों अंडीं असतात. दहा मारल्या म्हणून काय बिघडलें? बिघडतें असें कीं, अंडीं पुष्कळ असतात याचें कारणच मुळीं वांचणारीं पिलें फार थोडीं, हें आहे. शिवाय सारा समुदाय एकाच ठिकाणीं, एकाच वेळीं गोळा होतो. म्हणून तेथें पडलेला घाव सर्व वंशावर पडतो. याचा पडताळा जगानें घेतलेला आहे. कॅरिबियन समुद्रांतील लिटल केमन बेटाजवळ नासाऊ नांवाच्या हेकरूंचा एक मोठा मेळा २००१ मध्यें कोळ्यांना सांपडला. दोनच हंगामांत त्यांनीं सुमारें ४,००० मासे काढले आणि मेळा उजाड होऊं लागला. २००३ मध्यें तेथील सरकारनें विणीच्या जागीं मासेमारी बंद केली, आणि पुढील पंधरा वर्षांत तेथील संख्या तिपटीच्या वर गेली. मारण्यास दोन वर्षें पुरलीं, भरून येण्यास पंधरा लागलीं. आपल्या ओढ्यांना तेवढी मुदत देणारा कोणी आहे काय?

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माशांचा खरा काळ काठी आणि पाग नसून धरणें व घाण पाणी होय, असें म्हणतात. हें खरें आहे. दारणा नदीवर धरण झालें तें १९१६ मध्यें. गोदावरीवर गंगापूरचें धरण पुरें झालें १९६५ मध्यें. वर चढणाऱ्या माशाला या भिंतींपाशीं थांबावें लागतें. नाशिक शहरांत तर आम्ही याहून पुढें गेलों. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरांतील कुंडांचे तळ काँक्रीटनें झांकले गेले, आणि तें काढावें म्हणून नागरिकांना न्यायालयापर्यंत जावें लागलें. ज्या नदीला आम्ही माता म्हणतों तिच्या पोटावर सिमेंट ओतण्याची कल्पना आमच्याच भक्तिभावाला सुचली! परंतु यावरून निघणारें अनुमान आक्षेपकांच्या उलट आहे. धरणांनीं जितके मार्ग तोडले तितके उरलेले ओढे मोलाचे झाले. घराच्या चार खोल्या जळाल्या म्हणून पांचवीला आग लावण्यास हरकत नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं.

आणि येथें पलाऊच्या प्रवाशांस एक गोष्ट सांगावयाची आहे, जी त्यांच्या जहाजावर कदाचित् कोणी सांगितली नसेल. त्या बेटांवर 'बुल' नांवाची जुनी चाल आहे. विशिष्ट जागीं कांहीं काळ मासे धरूं नयेत, असा हुकूम तेथील वडीलधारे सरदार काढीत, आणि समाज तो पाळी. कोणता मासा कोणत्या तिथीस कोठें जमतो याचें तेथील कोळ्यांचें ज्ञान रॉबर्ट योहानेस या शास्त्रज्ञानें त्यांच्यापाशीं बसून गोळा केलें व १९८१ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. म्हणजे आमचे लोक जें पैसे मोजून पाहून येतात, त्याच्या मुळाशीं एका समाजाचें ज्ञान आणि संयम आहे. पाहून येणारांनीं डोळ्यांनीं सोहळा आणला. हा संयम मात्र तेथेंच ठेवला.

आमच्याकडे ज्ञान नव्हतें असें नाहीं. पश्चिम घाटाच्या नद्यांतील महाशीर माशाला शास्त्रांत 'तोर खुद्री' म्हणतात. कर्नल साइक्स यांनीं १८३९ मध्यें दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें तेव्हां येथील लोकांच्या तोंडचीं नांवेंच त्यांनीं शास्त्राला दिलीं. नांव ठेवण्याइतकी ओळख ज्या समाजाला होती, त्याच्या नातवंडांना आज पलाऊचा पोपटमासा ओळखतां येतो आणि दारणेची शिंगटी येत नाहीं.

कायदा नाहीं असेंहि नाहीं. स्फोटकें व विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेंच मनाई आहे. पावसाळ्यांत समुद्रावरील यांत्रिक मासेमारी सरकार दरवर्षीं बंद ठेवतें, आणि कोळी समाज पोटाला चिमटा घेऊन ती बंदी सोसतो. परंतु रात्रीं अकरा वाजतां इगतपुरीच्या एखाद्या ओढ्यावर सरकार उभें राहूं शकत नाहीं. तेथें उभी राहूं शकते ती फक्त गिऱ्हाइकाची सदसद्विवेकबुद्धि.

म्हणून आमची मागणी लहान आहे. पहिल्या लोंढ्यापासून पंधरा दिवस गाभोळीचा मासा विकत घेऊं नये. विजेनें व औषधानें मासे मारणाराची तक्रार करण्यास लाजूं नये. नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांनीं जूनच्या एखाद्या सकाळीं मुलांना ओढ्याकांठीं नेऊन चढणारे मासे दाखवावे. आणि दाखविण्याचें काम तेथील ठाकर-कोळी बांधवांना मानधन देऊन सोंपवावें, म्हणजे जिवंत मासाहि त्यांच्या चुलीस उपयोगी पडेल. जिल्ह्यांतील नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळीला २०२० मध्यें रामसर यादींत जागतिक मान मिळाला तो प्रामुख्यानें पक्ष्यांमुळें. परंतु पक्षी ज्यावर जगतात तो मासा वरच्या ओढ्यांतून येतो, हें विसरून चालणार नाहीं.

ज्यांना पलाऊस जावयाचें त्यांनीं खुशाल जावें. परंतु येत्या मृगांत, घाटांतल्या वळणावर टोपली पुढें आली असतां त्यांचा हात खिशाकडे जातो कीं नाहीं, यावरूनच त्या प्रवासांत त्यांनीं काय पाहिलें तें ठरेल.